स्वस्त चहा समुद्रात!

मुलांनो, एखादी वस्तू स्वस्त झाली म्हणून कुणी ती समुद्रात फेकून देईल का? अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात नेमकं हेच घडलं. तारीख होती १६ डिसेंबर १७७३.

तेव्हा तिथे इंग्लंडच्या १३ वसाहती होत्या. फ्रान्सशी झालेलं मोठं युद्ध १७६३ मध्ये संपलं, पण इंग्लंडच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर राहिला. तो हलका करायला पार्लमेंटने १७६५ मध्ये वसाहतींसाठी ‘स्टॅम्प ॲक्ट’ आणला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, पदवीची प्रमाणपत्रं, इतकंच काय, खेळायचे पत्ते आणि फासेसुद्धा! सगळ्यांवर सरकारी शिक्का हवा आणि त्याचे पैसे मोजायचे. गंमत बघा, यात सर्वांत जास्त दुखावले कोण? वकील आणि छापखानेवाले. एकाला बोलता येतं, दुसऱ्याला छापता येतं! मग ओरडा होणारच. ‘पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण?’ असं लोक विचारू लागले. व्यापाऱ्यांनी इंग्लंडचा माल घेणं बंद केलं.

१७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच वेळी पार्लमेंटने ठणकावलं, वसाहतींसाठी वाटेल ते कायदे करायचा हक्क आमचाच! सुंभ जळाला, पीळ काही गेला नाही. १७६७ मध्ये काच, रंग, कागद, शिसं आणि चहा यांवर जकात आली. पुन्हा बहिष्कार. १७७० मध्ये बाकीची जकात उठली, चहावरची मात्र मुद्दाम ठेवली. पौंडाला ३ पेन्स.

पुढे ईस्ट इंडिया कंपनी (हो, आपल्या ओळखीचीच!) अडचणीत आली. गोदामांत चहा पडून होता. चीनचा बरं का, आसामचे मळे तेव्हा कुठले! कंपनीला सावरण्यासाठी १७७३ मध्ये तिला सवलती मिळाल्या आणि तिचा चहा चोरट्या चहापेक्षाही स्वस्त झाला. पण ते ३ पेन्स तसेच! हा चहा घ्यायचा म्हणजे कर मान्य करायचा. लोकांनी डाव ओळखला. मोहॉक आदिवासींसारखे वेष करून काही जण रात्री तीन जहाजांवर चढले आणि त्यांनी ३४२ पेट्या फोडून बंदरात रिकाम्या केल्या.

इंग्लंडने चिडून १७७४ मध्ये बॉस्टनचं बंदरच बंद केलं. नुकसान भरा, मगच उघडू! पण झालं उलटंच. आज बॉस्टन, उद्या आपण, असं बाकीच्या वसाहतींना वाटलं. दक्षिण कॅरोलायनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढ्या आल्या. सप्टेंबरमध्ये १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला गोळ्या झडल्या आणि ४ जुलै १७७६ रोजी तेराही वसाहतींच्या वतीने स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.