पहिल्या धारेच्या पलीकडे

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि साधारण त्याच दिवसांत सातपुड्यात मोह गळायला लागतो. रात्रभर टपटपलेली मांसल, फिकट पिवळी फुलं भल्या पहाटे वेचली जातात, अंगणात वाळून मनुकांसारखी तांबूस होतात. त्यांच्यातली साखर आंबवून जी दारू उतरते, तिची प्रत सांगायला मराठीत एकच शब्द तयार आहे, ‘पहिल्या धारेची’. हा शब्द कडकपणा मोजतो, प्रत मोजत नाही. भट्टीतून सर्वांत आधी येते ती धार कडक खरी, पण झटकन उडणारी, नेलपॉलिशसारख्या उग्र वासाची द्रव्यं तिच्यातच गोळा झालेली असतात. शेवटची धार पाणचट आणि आंबूस. फुलाची खरी चव मधल्या धारेत. आपल्या बांधावरच्या घायपाताच्या भावंडापासून टकीला करणारे मेक्सिकोतले कारागीर याच मधल्या भागाला ‘काळीज’ म्हणतात, आणि पुढचा-मागचा भाग वेगळा काढतात.

दारू विस्तवावर टाकून भडका पाहण्याची परीक्षाही अशीच अपुरी आहे. भडक्यातून फार तर जोर कळतो. जीव घेणारं मिथेनॉलही तसंच पेटतं, आणि ते नाकाजिभेला ओळखू येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. नाकाचं काम निराळं. थेंबभर दारू तळहातावर चोळावी, तिखट वाफ उडू द्यावी आणि मग हुंगावं. वाळल्या मोहाचा जड, गोडसर वास मागे राहिला तर फूल चांगलं होतं. कुबट वास आला तर फूल दमट राहून बुरशीला लागलेलं, करपट आला तर आंबवण भांड्याच्या बुडाला लागलेलं. आणि फुलाचा वासच नसेल, तर गूळ-नवसागराच्या हातभट्टीला मोहाचं नाव दिलं असण्याची शंका घ्यावी.

दारूनं घरं बुडतात, मग तिची चव कसली पारखता, हा आक्षेप हलका नाही. पण प्रत पारखणं म्हणजे पिण्याची भलामण नव्हे. मोह आणि विषारी हातभट्टी एकाच शब्दात ढकलली, की भेसळ करणाऱ्याचंच फावतं. मेक्सिकोनं १९७४ साली टकीला हे नाव ठरावीक प्रदेशापुरतं राखलं. तिच्यात निदान ५१ टक्के साखर निळ्या घायपाताची लागते, आणि सगळीच त्याची असेल तरच बाटलीवर ‘शंभर टक्के’ लिहिता येतं. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला, तो महसुलासाठी. चवीचा, शुद्धतेचा विचार त्यात नव्हता. मध्य प्रदेशानं २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचं ठरवलं आणि नर्मदेपलीकडच्या अलिराजपुरात ती परवान्यानं गाळली जाऊ लागली. नर्मदेच्या अलीकडे, काठीच्या बाजूला, घरची भट्टी १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आजही गुन्हा आहे, मग तिच्यात निवडून वाळवलेलं फूल असो की नवसागर.