विश्लेषण : दोन वर्षांचे मूल प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ का म्हणते? हट्टामागे नेमके काय?

सकाळचे साडेआठ. आईची कामावर निघण्याची घाई, आजीच्या हातात मऊ भाताची वाटी आणि दारात दोन वर्षांचे मूल उलट्या पायात चप्पल घालत बसलेले. कोणी मदतीला हात पुढे केला की ‘मी, मी!’ आणि चप्पल सरळ करून दिली की थेट जमिनीवर लोळण. लहान मूल असलेल्या बहुतेक घरांत हे दृश्य ओळखीचे असते. ‘फार हट्टी झालाय’, ‘लाडावून ठेवलीय’ असे शेरेही ठरलेले. पण हा हट्ट म्हणजे वाईट सवय की वाढीचा टप्पा?

याच वयात हट्ट का वाढतो?

साधारण दीड वर्षाच्या सुमारास मूल आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे ओळखू लागते. आपण आईपेक्षा वेगळे आहोत आणि आपल्यालाही इच्छा आहे, हे त्याला उमगू लागते. ती इच्छा दाखवण्याचा सर्वात सोपा शब्द म्हणजे ‘नाही’. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या विकासाच्या टप्प्यांत या वयाचे मुख्य काम ‘स्वायत्तता’ मिळवणे हेच सांगितले आहे. चप्पल उलटी असली तरी ती स्वतः घातलेली असणे मुलासाठी महत्त्वाचे असते.

समजावले तरी रडणे का थांबत नाही?

भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग सर्वात सावकाश विकसित होतो. त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. त्यात भाषा अपुरी. राग मोठा आणि शब्द थोडे, मग आदळआपट होते. भूक, अपुरी झोप आणि गर्दी यांची त्यात भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी.

काही मुले जास्तच हट्टी का असतात?

स्वभाव काही अंशी जन्मजात असतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक मुलांचा लहानपणापासून अभ्यास केला. त्यातील सुमारे १० टक्के मुले तीव्र प्रतिक्रिया देणारी आणि बदल सहज न स्वीकारणारी आढळली. मुलाचा स्वभाव आणि घरच्यांची वागण्याची पद्धत यांचा मेळ बसतो का, हे पुढच्या वाटचालीसाठी महत्त्वाचे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मग घरात चुकते कुठे?

आई ‘नाही’ म्हणते, मूल भोकाड पसरते, आजोबा मोबाइल हातात देतात. किंवा नऊ वेळा नकार आणि दहाव्या वेळी होकार. यातून मूल एवढेच शिकते, की पुरेसा वेळ रडले की मिळते. कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसाने सवय अधिक चिवट होते. धपाटा घातल्याने मूल क्षणभर गप्प होईल, पण राग आला की हात उचलायचा, हेही शिकेल. मोबाइलबाबत ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’चा सल्ला स्पष्ट आहे : नातेवाइकांशी व्हिडीओ कॉल सोडल्यास दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

घरच्यांनी काय करावे?

– गॅस, रस्ता, विजेचे प्लग अशा मोजक्या गोष्टींना ठाम नकार द्या. बाकी ठिकाणी सूट ठेवा.
– ‘कपडे घालतोस का?’ असे विचारू नका. ‘लाल सदरा की पिवळा?’ असे विचारा.
– बदलाची आधी कल्पना द्या : ‘आणखी दोनदा घसरगुंडी, मग घरी.’
– आकांडतांडव सुरू असताना उपदेश नको. मूल सुरक्षित आहे ना ते पाहा, जवळ बसा. मागितलेली वस्तू मात्र देऊ नका. शांत झाल्यावर जवळ घ्या.
– नियम मोठ्यांनी आधीच आपसांत ठरवा. एकाचा नकार दुसऱ्याने मुलासमोर मोडू नये.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

रडता रडता श्वास रोखून मूल निळे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा मुलांत अनेकदा लोहाची कमतरता आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षांखालील ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आहे आणि चिडचिड हे त्याचेही एक लक्षण असू शकते. मात्र लोहाचे औषध मनाने सुरू करू नये. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, आधी येणारे शब्द विसरत असेल किंवा वारंवार स्वतःला इजा करत असेल, तर ‘मोठे झाले की सुटेल’ म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी मोफत होते.

हा हट्ट पुढे कमी होतो का?

बोलता येऊ लागले की बहुतेक मुलांची आदळआपट चार वर्षांपर्यंत ओसरते. तोवर सकाळी दहा मिनिटे आधी तयारीला लागणे हा साधा उपाय आहे. तेवढ्या वेळात चप्पल मुलाची त्यालाच घालता येते.