सल्ला धावपटूला, जबाबदारी कोणाची?

चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीला १७२ धावपटू निघाले. दुपारी हवामान पालटले आणि गारा, गोठवणारा पाऊस व सोसाट्याच्या वाऱ्याने त्यांना उघड्या चढावर गाठले. २१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लियांग जिंग यांच्यासारखा त्या देशातील अव्वल धावपटू होता. त्यामुळे सराव अपुरा होता, असे म्हणण्याची सोय नव्हती. जोरदार वाऱ्याचा इशारा आदल्या दिवशीच मिळाला होता. तरीही वारा अडवणारे जाकीट आयोजकांच्या यादीत सक्तीचे नव्हते, आणि सर्वांत अवघड टप्प्यावर वाहन पोहोचत नव्हते. गुहेत आसरा घेतलेल्या एका मेंढपाळाने सहा जणांना वाचवले. यंत्रणा त्यानंतर आली.

ही घटना आठवण्याचे कारण आपल्याकडेच आहे. ४२.१९५ किलोमीटरहून लांब पल्ल्याच्या धावण्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. हा छंद आता भारतात मूठभरांचा राहिलेला नाही. जुलै २०२२ मध्ये बंगळूरु येथे झालेल्या आशिया-ओशिनिया २४ तासांच्या अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने सुवर्णपदक पटकावले. लडाखमध्ये खारदुंग गावातून निघून सुमारे ५,३६० मीटर उंचीची खिंड ओलांडत लेहला पोहोचणारी ७२ किलोमीटरची शर्यत होते. वाळवंटात, पश्चिम घाटात आणि हिमालयाच्या पायथ्याशीही अशा शर्यती भरतात. हौशी धावपटूंसाठी सल्ल्यांचा पूर आहे. आयोजकांच्या कर्तव्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

सल्ला निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. गेली काही वर्षे मी स्वतः धावत आलो आहे आणि नवख्यांना चारच गोष्टी सांगतो. सुरुवात इतकी सावकाश करा की ती लाजिरवाणी वाटावी. चढ चालत चढण्याचा आणि उतार उतरण्याचा सराव वेगळा करा, कारण मांड्यांचे स्नायू उतारावरच अधिक फाटतात. धावताना खाण्याची सवय पोटालाही सरावातच लावा. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ तोंडात घालू नका. आणि उंचावर जाणार असाल तर लवकर पोहोचा: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा वैद्यकीय संकेत पाळा.

परंतु हे सारे जाणूनही मी एका शर्यतीत फसलो. पन्नास किलोमीटरच्या त्या डोंगरी मार्गावर गुडघा दुखू लागला, तेव्हा पाणपोईवरच्या स्वयंसेवकाने काही न विचारता वेदनाशामक गोळी हातावर ठेवली. ‘पाणी भरपूर प्या’ असा आग्रह प्रत्येक थांब्यावर होता. मी तो आज्ञाधारकपणे पाळला. अखेरीस बोटातली अंगठी रुतू लागली, उलट्या झाल्या, बोलणे अडखळू लागले. मुक्कामी वजन केले तर ते सकाळपेक्षा दीड किलोने अधिक भरले. मला पाणी कमी पडले नव्हते, अधिक झाले होते. रक्तातील सोडियम घसरले होते.

हा अपवाद नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम सामान्य मर्यादेखाली आढळले होते. तहान लागेल तेव्हा प्यावे, हा आजचा वैद्यकीय सल्ला त्यातूनच दृढ झाला. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या लांब शर्यतीत मूत्रपिंडांवरील ताण वाढवतात, हेही अभ्यासांतून दिसले आहे. मी ती गोळी घेतली, ही माझी चूक. पण ती वाटली जात होती, ही चूक माझी नव्हती.

येथे प्रश्न धोरणाचा होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा राज्यसूचीतील विषय आहे. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा प्रामुख्याने महासंघांच्या कारभारासाठी आहे. खासगी आयोजकाने हजार रुपयांपासून पुढे शुल्क घेऊन भरवलेली डोंगरी शर्यत त्याच्या केंद्रस्थानी नाही. स्थानिक परवानगीत बहुधा वाहतूक आणि बंदोबस्ताचाच विचार होतो. धावपटूकडून मात्र ‘माझ्या जिवाची जबाबदारी माझी’ अशा आशयाचे संमतिपत्र घेतले जाते.

राज्यांनी किमान चार अटी परवानगीशी जोडाव्यात. पहिली, अंतर आणि उंचीनुसार पूर्वानुभवाचा व हवामानाशी जुळवून घेण्याच्या दिवसांचा पुरावा. दुसरी, सक्तीच्या साहित्याची यादी आणि सुरुवातीच्या रेषेवर तिची तपासणी. तिसरी, वैद्यकीय सज्जता: थांब्यांवर वेदनाशामके वाटण्यास मनाई, सोडियम तपासण्याचे उपकरण, आणि उष्माघातासाठी बर्फाच्या पाण्याचे टब, कारण अशा रुग्णाला आधी थंड करायचे असते, मग रुग्णालयात न्यायचे. चौथी, शर्यत थांबवण्याचा अधिकार प्रायोजकांच्या हिशेबापासून स्वतंत्र असलेल्या अधिकाऱ्याकडे असावा आणि प्रत्येक दुर्घटनेचा अहवाल जाहीर व्हावा.

आक्षेप असा येईल की यामुळे लहान आयोजक बंद पडतील आणि सज्ञान नागरिकाला जोखीम पत्करण्याचे स्वातंत्र्य उरणार नाही. पहिल्या भीतीत तथ्य आहे. म्हणून अटी अंतर आणि उंचीनुसार चढत्या ठेवाव्यात, मैदानी सहा तासांच्या धावेला खिंडीतल्या शर्यतीचे नियम लावू नयेत. दुसरा आक्षेप मात्र अपुऱ्या माहितीवर उभा आहे. वादळाचा इशारा ज्याला कळवलाच नाही, त्याने जोखीम पत्करली असे म्हणता येत नाही.

सरावातली सर्वांत कठीण शिकवण म्हणजे वेळीच थांबणे. साठाव्या किलोमीटरनंतर थकलेल्या, थंडीने बधिर झालेल्या माणसाकडून तो निर्णय नेहमीच होईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणून तो घेण्याचा अधिकार आणि उत्तरदायित्व आधीच कोणावर तरी सोपवलेले असले पाहिजे.