३.३ ओहमचा उजेड

जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, वीज गेली. माळ्यावर अम्मीची औषधं शोधायला मी घरी जुळवलेला टॉर्च पेटवला. लख्ख उजेड पडला आणि थोड्याच वेळात विझला. चूक माझीच.

भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा, पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ पुरतात. मी दोन्ही थेट जोडले होते. बल्बची तार तापली की प्रवाहाला अडवते. एलईडीचं उलटं. तापेल तसा तो जास्तच ओढतो, शेवटी जळतो.

मधल्या १ व्होल्टसाठी ३.३ ओहमचा रेझिस्टर घातला, की प्रवाह ३०० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. एक वॅटच्या एलईडीला तेवढा मानवतो. रेझिस्टर मात्र पाव वॅटचा नको, भाजून निघेल. ड्रायव्हर लावला तर उजेड एकसारखा राहतो. रेझिस्टरवर तो सेलबरोबर मंदावतो. पोलादपूरकडे रात्री जाताना मला मंदावणाराच बरा वाटतो. सेल संपत आल्याचं आधी कळतं.