डोपामाइन : मात्रेगणिक बदलणारे औषध

मेंदूतील संदेशवाहक रसायन म्हणून डोपामाइनचे नाव सर्वपरिचित आहे. अतिदक्षता विभागात मात्र हेच रसायन कोसळलेला रक्तदाब सावरण्यासाठी शिरेवाटे दिले जाते. रक्तातून दिलेले डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. त्याचे कार्य चालते ते हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवर.

या औषधाचे वैशिष्ट्य त्याच्या मात्रेत आहे. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण १ ते ३ मायक्रोग्रॅम दिल्यास मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ३ ते १० मायक्रोग्रॅमला हृदयाचे आकुंचन जोमदार होते व ठोके वाढतात. १० च्या पुढे शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढतो. अर्थात या सीमारेषा काटेकोर नाहीत. त्या रुग्णागणिक बदलतात.

रक्तातील डोपामाइनचे प्रमाण सुमारे २ मिनिटांत निम्मे होते. त्यामुळे एकदाच इंजेक्शन देऊन भागत नाही. पंपाद्वारे ते अखंड द्यावे लागते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ५ मायक्रोग्रॅम द्यायचे, तर तासाला १८ मिलिग्रॅम लागतात. पंप थांबला तर काही मिनिटांतच रक्तदाब पुन्हा घसरू शकतो. औषध शिरेबाहेर झिरपले तर तेथील ऊती मृत होण्याचा धोका असतो. म्हणूनच ते शक्यतो मोठ्या शिरेतून दिले जाते.

अल्प मात्रेतील डोपामाइन मूत्रपिंडांचे रक्षण करते, असा समज वैद्यकात अनेक वर्षे रूढ होता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३२८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा समज निराधार ठरला. लघवी वाढली, तरी मूत्रपिंड वाचतेच असे नाही.

दुसरा धक्का २०१० मध्ये बसला. १,६७९ रुग्णांच्या चाचणीत डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन यांची तुलना झाली. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण डोपामाइन गटात २४ टक्के, तर दुसऱ्या गटात १२ टक्के होते. हृदय निकामी झाल्याने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांच्या उपगटात तर डोपामाइन घेणाऱ्यांचे मृत्यूही अधिक होते.

जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळल्यास आता प्रथम पसंती नॉरएपिनेफ्रिनला दिली जाते. तरीही डोपामाइन बाद झालेले नाही. हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंदावले आणि अ‍ॅट्रोपिनने गुण आला नाही, तर त्याचा आधार आजही घेतला जातो. कोणत्याही परिस्थितीत ते रक्तदाबामागील मूळ आजार बरा करीत नाही. त्यावरील उपचारांसाठी आवश्यक तो अवधी मिळवून देते.