अवकाशयानाचा मुहूर्त

जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांच्या अवकाशप्रवासाची वाट पाहणाऱ्यांपैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल. ११ जूनला त्यांचे यान भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेपाच वाजता उडणार होते. ते उड्डाण पुढे गेले आणि अखेर २५ जूनला झाले, तेव्हा दुपारचे बारा वाजून एक मिनिट झाले होते. तारीख बदलली हे समजू शकते. पण संध्याकाळची दुपार का झाली?

याचे उत्तर यान जिथे जाणार होते, तिथे आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दर दीड तासाला पृथ्वीला एक फेरी घालते. शाळेतला पृथ्वीचा गोल डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याभोवती एक मोठे कडे तिरके बसवले आहे, अशी कल्पना करा. ते कडे म्हणजे स्थानकाचा मार्ग. विषुववृत्ताशी त्याचा कोन ५१.६ अंशांचा आहे. कडे जवळजवळ जागच्या जागी राहते आणि आत पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते. त्यामुळे फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्र दिवसातून दोनदा या कड्याखालून जाते. एका वेळी यान ईशान्येकडे, अटलांटिक महासागरावरून सोडता येते. दुसऱ्या वेळी ते आग्नेयेकडे सोडावे लागेल आणि त्या वाटेवर लोकवस्तीची बेटे आहेत. म्हणजे दिवसाकाठी संधी एकच.

ती तरी किती वेळाची? पृथ्वीबरोबर फ्लोरिडातला प्रक्षेपणतळही दर मिनिटाला सुमारे २४ किलोमीटर पूर्वेकडे सरकतो. उशीर झाला, तर यानाला वर जाऊन आडवे वळावे लागेल आणि ताशी सुमारे २८ हजार किलोमीटरच्या वेगात असे वळण अतोनात इंधन खाते. स्थानकाकडे जाणाऱ्या स्पेस शटलला साधारण दहा मिनिटांची सवलत असे. शुक्ला ज्या फाल्कन-९ रॉकेटवरून गेले, त्याला तीही नसते. अतिथंड केलेला द्रवरूप ऑक्सिजन आणि शुद्ध केलेले रॉकेल त्यात शेवटच्या पस्तीसेक मिनिटांत भरतात. थांबत बसले तर ते तापू लागते. लग्नाचा मुहूर्त टळत असेल, तर भटजी मंगलाष्टके कमीजास्त करतात. रॉकेटला ती सोय नाही. क्षण हुकला की त्या दिवसाचे उड्डाण रद्द.

शिवाय पृथ्वी मध्यभागी किंचित फुगीर असल्यामुळे ते कडेही रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकते. परिणामी उड्डाणाची वेळ रोज तेवीस-चोवीस मिनिटे अलीकडे येते. चौदा दिवसांचे झाले साडेपाच तास. संध्याकाळची दुपार झाली ती अशी.

मिनिट असे आकाश ठरवते. त्या मिनिटाला उडायचे की नाही, हे मात्र माणसांनी ठरवायचे असते. शुक्लांचे उड्डाण १० जूनला वाऱ्यामुळे थांबले, ११ जूनला रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती आढळल्याने थांबले आणि नंतर स्थानकाच्या रशियन भागातील दुरुस्तीची खात्री पटेपर्यंत लांबले. माणसे नेणाऱ्या यानाची आणखी एक अट असते. वाटेत बिघाड झाल्यास अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून सुटून समुद्रात उतरते. म्हणून तळावरचे आकाश निरभ्र असून भागत नाही. अटलांटिकवरचे वारे आणि लाटाही पाहाव्या लागतात.

नाही म्हणण्याचे धैर्य कमी पडले की काय होते, ते २८ जानेवारी १९८६ रोजी जगाने पाहिले. चॅलेंजर शटलचे उड्डाण आधीच अनेकदा पुढे गेले होते. त्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. घन इंधनाच्या रॉकेटांचे सांधे बंद करणाऱ्या रबराच्या रिंगा थंडीत ताठर होतात, म्हणून तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली असताना उडू नये, असे ती रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले. वरिष्ठांनी ते बाजूला सारले. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले. चॅलेंजरला कोणतेही स्थानक गाठायचे नव्हते. आकाशाला घाई नव्हती. चौकशी आयोगाने नंतर जी कारणे नोंदवली, त्यांत वेळापत्रकाचे दडपणही होते.

आपल्या गगनयान मोहिमेची घोषणा २०१८ मध्ये झाली, तेव्हा २०२२ चे उद्दिष्ट सांगितले होते. ते मागे पडले, म्हणून टीकाही होते. पण २१ ऑक्टोबर २०२३ ची सकाळ आठवा. अंतराळवीरांच्या सुटकेच्या यंत्रणेची चाचणी श्रीहरिकोट्याला होती. हवामानामुळे आधीच पाऊण तास उशीर झालेला, आणि उलटी मोजणी पाच सेकंदांवर आली असताना संगणकाने उड्डाण रोखले. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, दुरुस्ती केली आणि दहा वाजता चाचणी यशस्वी झाली. त्या कुपीत माणूस नव्हता. ज्या दिवशी असेल, त्या दिवशीही ऐनवेळी ‘उड्डाण पुढे ढकलले’ अशी बातमी येऊ शकते. तेव्हा आपला हिरमोड होईल. पण त्याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी ‘आज नको’ म्हटले आणि त्याचे ऐकले गेले.