वजाबाकीतून फुटणारे गुपित

सोलापूर म्हटले की चादरी आणि टॉवेल आठवतात. शहरात यंत्रमागाचे कारखाने पुष्कळ. त्यांच्या एकूण कामगारांचा आकडा छापला तरी कोणा एकाचा धंदा उघडा पडत नाही. पण समजा, एखाद्या तालुक्यात दोनच सूतगिरण्या आहेत आणि तक्त्यात छापले आहे : 'सूतगिरण्या २, कामगार ९००.' पहिल्या गिरणीच्या मालकाला आपले ५२० कामगार ठाऊक असतातच. ९०० मधून ५२० वजा केले की शेजाऱ्याचे ३८० कळले! तक्त्यात नाव कोणाचेच नव्हते, तरी गुपित फुटले.

२००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने हा धोका ओळखला आहे. इतरांना वगळत जाऊनही माहिती कोणाची हे कळू नये, अशा रीतीने ती प्रसिद्ध करावी, असे तो सांगतो. दोन गिरण्यांचा आकडा शेजारच्या तालुक्यांच्या आकड्यांत मिळवून छापणे, हा एक सोपा उपाय.

छापील तक्ता एकदाच निघतो. संगणकातील माहितीसाठ्याला मात्र हवे तितके प्रश्न विचारता येतात. समजा, एका शिक्षणसंस्थेतील ६० शिक्षकांच्या आरोग्यतपासणीची माहिती संगणकात आहे. ५ पेक्षा लहान गटाबद्दल उत्तर द्यायचे नाही, असा नियम घातला आहे. संस्कृतच्या शिक्षिका एकच; त्यांच्याविषयी विचारले तर नकार मिळतो. मग आपण विचारतो, 'एकूण ६० जणांपैकी मधुमेह किती जणांना?' उत्तर ११. 'संस्कृतखेरीज इतर विषय शिकवणाऱ्या ५९ जणांपैकी?' उत्तर १०. दोन्ही गट मोठे, नियम कुठेही मोडला नाही; पण वजाबाकीने शिक्षिकेचा आजार उघड केला. फार मोठ्या गटांनाही नकार दिला तरी मधल्या आकाराचे गट वापरून हेच साधता येते, हे डोरोथी डेनिंग, पीटर डेनिंग आणि मेयर श्वार्त्झ यांनी १९७९ साली दाखवून दिले.

मग उपाय काय? उत्तरात मुद्दाम थोडी यादृच्छिक चूक मिसळायची. ११ ऐवजी १२, १० ऐवजी ९ असे उत्तर आले की वजाबाकीला अर्थ उरत नाही. मात्र तोच प्रश्न शंभरदा विचारून सरासरी काढली, तर चूक पुसली जाते. म्हणून प्रश्नांवरही मर्यादा हवी. किती चूक मिसळली म्हणजे किती संरक्षण मिळते, याचे गणिती माप सिंथिया ड्वोर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडले. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत ते वापरले. त्याची किंमतही आहे : लहान वस्त्यांचे आकडे कमी अचूक होतात.

वर्गात करून पाहा

'गेल्या महिन्यात दुसऱ्याची वही पाहून गृहपाठ उतरवला का?' असे विचारा. प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवावे. छापा आल्यास खरे उत्तर लिहावे. काटा आल्यास 'हो' लिहावे. ४० पैकी २६ 'हो' आले, तर सुमारे २० काट्यामुळे. उरलेल्या २० जणांत ६ खरे 'हो', म्हणजे वर्गात सुमारे ३० टक्के. 'हो' लिहिणाऱ्यांपैकी खरोखर कोणी उतरवले, हे मात्र आपल्यालाही कळत नाही. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली सुचवलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप आहे.

जनगणनेत प्रगणक म्हणून घरोघर जाणाऱ्यांत आपण शिक्षक पुष्कळ असतो. लोक विश्वासाने माहिती देतात आणि १९४८ चा जनगणना कायदा ती गुप्त ठेवण्याची हमी देतो. ती हमी पाळायची, तर नाव झाकून भागणार नाही. छापलेल्या आकड्यांची वजाबाकीही आपणच आधी करून पाहायला हवी.